एक मूठ इकडे मारावी

गिरणीवाल्या भाऊंच्या दारातून मूठभर पीठ मागे न ठेवता गेलेला माणूस अख्ख्या अमरावतीत शोधून सापडला नसता, आणि चुकून सापडलाच असता तर भाऊ त्याच्या मागोमाग घरी जाऊन मूठ घेऊन आले असते. मी लग्न होऊन पुण्याहून अमरावतीला आले तेव्हा छपन्न-सत्तावन्न साल असेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांची पिठाची गिरणी होती. भाऊ उंच, हाडापेराने मोठे आणि डोक्यापासून पायांपर्यंत पिठाने पांढरे. त्यांचा खरा रंग गल्लीला वर्षातून एकदाच, दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर दिसायचा, आणि त्या दिवशी त्यांना कोणी ओळखत नसे. सगळं आयुष्य गिरणीच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि लांबलचक वाक्यं फुकट जातात हेही त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून 'सार' या एका शब्दावर त्यांनी संसार चालवला होता. डबा सार, पाय सार, सायकल सार. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासायला आले, तर भाऊ त्यांनाच म्हणाले, "डाक्टरसायेब, खुर्ची इकडे सारा, नळी इकडे सारा, अन् जाताना मूठ सारा."

ही मूठ काय भानगड आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं. गव्हाचा डबा घेऊन मी नव्या नवरीच्या संकोचाने गिरणीत उभी होते. दळण झालं. भाऊंनी डबा खाली उतरवला, पण माझ्या हातात दिला नाही. उलट आपली भलीमोठी मूठ माझ्या नाकासमोर धरून ते गरजले, "वयनी, मूठ!" मी तीन पावलं मागे सरले. आमच्या पुण्यात नवख्या बाईला कोणी अशी मूठ दाखवत नाही, फार तर पाटी दाखवतात. माझा चेहरा बघून भाऊंनी कोपऱ्यातल्या रांजणाकडे बोट केलं आणि म्हणाले, "भेता काहून? एक मूठ पीठ त्यात सारा. बोर्डिंगच्या पोट्ट्या खातीन."

बोर्डिंग म्हणजे गावातल्या एका शिक्षिकाबाईंनी दोन भाड्याच्या खोल्यांत चालवलेलं मुलींचं वसतिगृह. आसपासच्या खेड्यांतल्या अकरा मुली तिथे राहून शाळेत जात. कुणब्यांच्या होत्या, माळ्यांच्या होत्या, नुकतीच दीक्षा घेतलेल्या बौद्ध घरांतल्या होत्या, आणि सगळ्या एका पंगतीला बसत. बाईंना सरकारकडून काही मिळत नसे आणि मागायला संकोच वाटे. संकोच वाटत नाही असा माणूस भाऊंच्या रूपाने त्यांना लाभला होता. बाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं, विनवलं नव्हतं. भाऊंनी आपणहून हे काम अंगावर घेतलं होतं आणि आपल्या समस्त गिऱ्हाइकांच्या अंगावर घातलं होतं. पैसे मात्र ते घेत नसत. "पैसा मले सांभायता येत नाई," ते म्हणायचे, "पीठ येते."

त्यामुळे रांजणात ज्वारी, गहू, हरभरा, उडीद सगळं एकत्र नांदायचं. एका सोवळ्या गृहस्थांनी एकदा विचारलं की, या मुली कोणकोणत्या जातींच्या आहेत? भाऊंनी त्यांना हाताला धरून रांजणापाशी नेलं आणि म्हणाले, "आंदी तुमचं पीठ कोनतं ते ह्यातून येचून दाखवा, मंग सांगतो." गृहस्थ निमूटपणे गेले, पण डबा विसरून गेले, आणि तो आणायला परत आले तेव्हा भाऊंनी त्यांच्याकडून दोन मुठी घेतल्या.

दळण आणलेलं असो वा नसो, सुटका कोणाचीच नव्हती. पोस्टमन पत्र द्यायला आला, तर दुसऱ्या दिवशी खिशात ज्वारी घालून यायचं त्याने कबूल केल्यावरच भाऊंनी त्याला सोडलं. एक फकीर भिक्षा मागायला आला. भाऊंनी त्याची झोळी ओंजळभर पिठाने भरली, मग म्हणाले, "आता त्यातली एक मूठ सार." फकीर हसत सुटला आणि त्याने दोन मुठी सारल्या. माणसांची पारखही भाऊ मुठीवरूनच करत. अकोल्याहून एका मुलीचे वडील आमच्या गल्लीतल्या एका मुलाची चौकशी करायला आले, तेव्हा भाऊंनी दाखला दिला, "डोये मिटून द्या पोरगी. पोट्ट्याची मूठ मोठी हाय." लग्न झालं. पुढे कळलं की जावईबापूंची मूठ मोठी असली तरी ती दुसऱ्याच्या डब्यातच जास्त खुलते. सासरे तक्रार घेऊन आले, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "मी मूठ मोठी हाय म्हनलं होतं. अक्कल मोठी हाय असं म्हनलं का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि भाऊंना पाटी लावायची बुद्धी झाली. ओरडून ओरडून घसा बसला होता, त्यात पेंटर ओळखीचा निघाला. भाऊंनी एका चिठोऱ्यावर मजकूर लिहून दिला: 'दळण नेताना प्रत्येकाने एक मूठ इकडे सारावी.' आता भाऊंच्या हस्ताक्षरात स आणि म हे जुळे भाऊ होते. पेंटरने आपल्या समजुतीप्रमाणे ठळक लाल अक्षरांत पाटी रंगवली: 'दळण नेताना प्रत्येकाने एक मूठ इकडे मारावी.' पाटी रस्त्याकडे तोंड करून लागली आणि भाऊ कायम आत, त्यामुळे तीन दिवस त्यांनी ती वाचलीच नाही.

वाचली ती गल्लीतल्या वलगावच्या आजीने. आजी छापील अक्षर लावून लावून वाचायची, आणि मूठ मारणं म्हणजे मंत्र घालून माणसाचं वाटोळं करणं, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यातच तिच्या नातवाला त्या दिवशी सणसणून ताप भरला. झालं! आजी दारोदार सांगत सुटली, "म्या म्हनतच होती, हा बावा सगळ्याईपासून मुठीमुठीनं पीठ काहून जमा करून राहिला? आता तं पाटीच लावली मेल्यानं!"

दुसऱ्या दिवशी गिरणीसमोर पंधरावीस माणसं जमली. भाऊंनी आधी पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. मग खडूने म चा स केला. लोक म्हणाले, पुरावा पुसतो आहे. तेव्हा भाऊंचं डोकं फिरलं. "ह्या पिठात काई हाय म्हनता? पाहा मंग!" असं म्हणून त्यांनी रांजणातलं मूठभर कोरडं पीठ सगळ्यांसमोर तोंडात कोंबलं. कोरडं पीठ ते, टाळूला जाऊन चिकटलं. भाऊंना ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ते खांबाला धरून खाली बसले, आणि गर्दीतून आजीचा आवाज आला, "उलटली! त्याची मूठ त्याच्यावरच उलटली!" अर्ध्या मिनिटात गिरणीसमोर चिटपाखरू राहिलं नाही. मी तांब्याभर पाणी घेऊन धावले. हसू आवरत नव्हतं आणि आता पुढे काय होणार याची भीतीही वाटत होती.

भीती खरी ठरली. गल्ली दळण घेऊन दोन फर्लांगांवरच्या दुसऱ्या गिरणीत जाऊ लागली. भाऊंच्या गिरणीचा पट्टा दिवसातून तासभर फिरायचा, तोही आमच्यासारख्या चारसहा घरांसाठी. रांजणाने तळ गाठला. भाऊ आपल्या घरची ज्वारी दळून बोर्डिंगात पोचवत होते, पण त्यांच्याही घरात खाणारी सात तोंडं होती. बाईंनी मला सांगितलं, होळीपर्यंत असंच राहिलं तर मुलींना घरी धाडावं लागेल, आणि एकदा घरी गेलेली मुलगी परत येत नाही, तिचं लग्नच उरकतात. मार्चातली परीक्षा तोंडावर आली होती.

आमच्या ह्यांनी भाऊंना व्यवहाराचा सल्ला दिला. म्हणाले, "रांजण महिनाभर आत ठेवा. लोक विसरतील, गिऱ्हाईक परत येईल. गिरणीच बंद पडली तर तुम्ही खाणार काय?" भाऊ रांजणापाशी जाऊन टेकले. मग ते म्हणाले, आणि तेही हळू आवाजात, "सायेब, माही बहीन मायापेक्षा दोन सालानं लहान. मी चौथीत दोनदा नापास, ते पयल्या नंबरानं पास. बापानं मले इथं मावशीच्या घरी शिकाले धाडलं. पोरीले परक्या गावात कोन ठेवते? ते राह्यली गावातच, शेन काढत. अन् मी इथं येऊनई नापासच झालो. तिची जागा मी वाया घातली. रांजन नाई उचलत मी." मी घरी आले आणि पदराने डोळे पुसत बसले.

पण नुसतं बसून चालणार नव्हतं. वलगावच्या आजीचा लेक पलटणीत होता. त्याची पत्रं घाईघाईत लिहिलेली असत, ती आजीला लागत नसत, म्हणून ती माझ्याकडून वाचून घ्यायची. पुढचं पत्र आलं तेव्हा मी चष्मा फुटल्याची थाप मारली, आणि बोर्डिंगमधली एक मुलगी तिच्या घरी घेऊन गेले. दोन वेण्या घातलेली, वलगावच्या पुढच्याच खेड्यातली, बोलायला खणखणीत. तिने पत्र असं वाचलं की जणू लेकच समोर उभा राहून बोलतो आहे. आजीने दोनदा वाचून घेतलं, उत्तरही लिहवून घेतलं, आणि तिच्या हातावर गूळ ठेवला.

"चांगलं वाचतं वं पोरी. राह्यतं कुठं?"

"बोर्डिंगात."

आजीचा चेहरा उतरला. "मंग तू ते मुठीचं पीठ खातं का काय?"

"दोन सालापासून खाऊन राह्यली, आजी."

"अन् तुले काई झालं नाई?"

"झालं ना."

आजी बसल्या जागी मागे सरकली. "काय झालं?"

"पयला नंबर आला," मुलगी म्हणाली आणि गूळ तोंडात टाकला.

आजीने अंगणाकडे पाहिलं. नातवाचा ताप तर केव्हाच उतरला होता आणि पोरगा अंगणात कोंबडीच्या मागे धावत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी डोक्यावर ज्वारीची टोपली घेऊन भर रस्त्याने निघाली, येताजाता सगळ्यांना दिसेल अशी. दळण होईपर्यंत भाऊंशी एक शब्द बोलली नाही. मग दोन्ही हातांनी पीठ उचलून तिने रांजणात टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "घे रे बावा, मारली मूठ!"

आठवडाभरात गल्ली परत आली. आणि गंमत अशी की, तेव्हापासून आमच्याकडे 'मूठ मारून येते' हे दळणाला जाण्याचं रीतसर नाव झालं. पाव्हण्यांना आम्ही सांगायचो, सासूबाई मूठ मारायला गेल्यात, आणि पाव्हणे चहा न घेताच उठायचे. खडू पावसाने धुऊन गेला, पाटीवरचा म पुन्हा लालभडक दिसू लागला. पेंटर फुकटात दुरुस्त करून द्यायला तयार होता, पण भाऊ म्हणाले, "राहू दे. आता वयखीची झाली."

पुढे ह्यांची बदली अकोल्याला झाली आणि आमची अमरावती सुटली. चारपाच वर्षांनी एका लग्नासाठी गेले, तेव्हा वेळ काढून गिरणीत डोकावले. पट्टा फिरत होता, भाऊ पांढरेच होते, पण कोपऱ्यातला रांजण धुऊन पालथा घातला होता. बोर्डिंगला सरकारी अनुदान मिळालं होतं, स्वतःची इमारत झाली होती, मुली साठाच्या वर गेल्या होत्या. बाई स्वतः नारळ आणि पेढे घेऊन येऊन सांगून गेल्या होत्या की, भाऊ, आता पिठाची गरज नाही, तुमचे उपकार फार झाले.

"चांगलं झालं, वयनी," भाऊ म्हणाले. "लय चांगलं झालं." मी काही विचारलं नव्हतं, तरी ते आणखी एकदा म्हणाले, "चांगलंच झालं."

तेवढ्यात एक बाई आपला डबा उचलायला आली. तिने सवयीने डब्यात हात घालून मूठ भरली, कोपऱ्याकडे वळली आणि थबकली. भाऊ मान हलवून म्हणाले, "नाई वं माय, घरी ने." ती गेली. भाऊंनी हात पंच्याला पुसले, मग पुन्हा पुसले.

"रोज असं होते," ते म्हणाले. "मांगायची सवय हाय, वयनी. नाई म्हनायची नाई." मग एकदम माझ्याजवळ सरकून, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "तुमच्या अकोल्यात पाहा ना एखांदं बोर्डिंग! बडनेऱ्याच्या टेसनावरून पोतं गाडीत घालून देतो म्या, आठ दिसाच्या आठ दिसाले. कुठं ना कुठं पोट्ट्या उपाशी असतीनच—" आणि त्यांनी जीभ चावली. "नाई नाई बाप्पा. उपाशी काहून असतीन? कोनी उपाशी नसो. पन तुमी पाहा."

मी पाहते म्हणाले, आणि मी खरंच पाहिलं. अकोल्यातली दोन वसतिगृहं मी पायी हिंडून शोधली, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन चौकशी केली. दोन्हीकडच्या बाईंनी मला समाधानाने सांगितलं की, मुलींना दोन्ही वेळा पोटभर जेवायला मिळतं, कशाला काही कमी नाही. एवढी आनंदाची बातमी होती. भाऊंना लिहायचं म्हणून मी पोस्टकार्डही आणलं, पत्ता लिहिला, आणि पुढे कितीतरी दिवस ते कार्ड फळीवर तसंच, मजकुराच्या बाजूने कोरं, पडून राहिलं.