वैदिणीचा कागद

माझा थोरला भाऊ वजनकाट्यावर असतो. मालाचा ट्रक फळीवर चढतो, दादा खिडकीतून आकडा बघतो आणि पावती फाडून देतो. ड्रायव्हर गयावया करतात, "साहेब, पन्नास किलो कमी लावा की." दादा लावत नाही. तो मनाने वाईट नाही, पण एकदा आकडा दिसला की त्याला माणूस दिसत नाही. अशाच्या हाती खेळ द्यावा का? आम्ही दिला.

खेळ कल्पनेतला. एक जण गुहा-राक्षसांची गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन तिच्यात शिरतात, आणि मारामारी झाली की कोणाला किती लागलं ते फासे टाकून ठरतं. प्रत्येक पात्राचा एक कागद, त्यावर त्याचे प्राण आकड्यात लिहिलेले. रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी चौघं बसायचो. दादा गोष्ट सांगायचा. मी तिरंदाज, दादाचा शाळेपासूनचा मित्र वायरमन हा ढालवाला, आणि वायरमनची बायको, आमची वहिनी, जखमा बांधणारी वैदीण.

छापील पुस्तकातले नियम मवाळ. प्राण शून्यावर आले तरी माणूस नुसता बेशुद्ध पडतो, रात्रभर झोपला की सकाळी ठणठणीत. दादाला हे पटेना. म्हणाला, "ही काय भातुकली आहे?" त्याने घरचे नियम केले. शून्य म्हणजे मेला. आणि फासे सगळ्यांसमोर पडायचे, गोष्ट सांगणाऱ्याचेसुद्धा. वायरमन कुरकुरला. वहिनीने मात्र उचलून धरलं. "बरोबर आहे भावोजींचं. मरणारच नसू तर भ्यायचं कशाला?"

गेल्या वर्षी वहिनी गेली. दवाखान्यात, खूप हाल होऊन.

वायरमन बरेच रविवार फिरकला नाही. आला तो दोन कागद घेऊन. "तिची वैदीणही मीच खेळतो. चालेल ना रे?" वैदिणीच्या कागदावर वहिनीचं गोल अक्षर होतं, कोपऱ्यात चहाचा डाग. दादा म्हणाला, "चालेल," आणि माझा जीव भांड्यात पडला. मग आम्ही वैदिणीला नेहमी सगळ्यांच्या मागे ठेवायचो. दादाचे राक्षसही तिच्यापर्यंत पोचत नसत, काही ना काही कारण निघायचं. दगडाला पाझर फुटला म्हणायचा, असं मला वाटलं.

मग एका रविवारी माझी तिरंदाज दलदलीत अडकली, समोर अजगर. वायरमनने वैदिणीची सोंगटी पुढे सरकवली. "ती काही गप्प बसली नसती," तो म्हणाला. खरंच नसती बसली. आता अजगराचा वार तिच्यावर.

दादाने फासे उचलले. मी म्हटलं, "दादा, ओंजळीत टाक. आम्हाला दाखवू नकोस."

"नियम सगळ्यांना एकच."

टेबलावर अठरा पडले. वैदिणीचे प्राण चौदा होते.

"परत टाक," वायरमन म्हणाला.

"पडलं ते पडलं."

"अरे, हा तुझा वजनकाटा नाहीये!"

"तिनेच तर उचलून धरला होता हा नियम."

हे खरं होतं. पण असलं खरं बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, सख्खा भाऊ असला तरी.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण मेलेलं पात्र कोणी गुपचूप परत आणू नये म्हणून आमच्याकडे त्याचा कागद फाडतात, आणि तो दादाच फाडतो. त्याने हात पुढे केला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. हात तसाच.

वायरमन त्या हाताकडे बघत राहिला. "तिला एकदा पोचवून आलोय मी," तो हळू आवाजात म्हणाला. "परत नाही पोचवणार." त्याने वहिनीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्वतःच्या ढालवाल्याचा कागद दादाच्या हातावर टेकवला. "हा घे. हा मेला." चपला घातल्या आणि निघाला.

आता तरी दादा उठेल, धावत जाऊन त्याला गाठेल, असं मला वाटलं. जिन्यातून पावलांचा आवाज अजून येत होता. माझ्या भावाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मनापासून मला विचारलं, "पण ह्याचे प्राण तर पूर्ण आहेत. हा कसा मेला?"