जुमला मागणारे निसार मास्तर

जिच्या कृपेवाचून मुखातून एक अक्षरही शुद्ध उमटत नाही, त्या वाग्देवतेला वंदन करून, सय्यद निसार मास्तरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त मी हे लिहीत आहे. मनातले जुने संशयही सोबत आणले आहेत.

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या आमच्या शाळेत उर्दूऐवजी मराठीतून शिकवणे सुरू झाले. संस्कृत माझ्याकडे होते, इंग्रजी निसार मास्तरांकडे. निजामाच्या राजवटीतल्या शिक्षकांना ठेवायचे की नाही, हे तपासणी अधिकारी ठरवणार होते आणि मास्तरांचे सारे घर त्या नोकरीवर अवलंबून होते.

पहिल्याच भेटीत मी विचारले, "मास्तर, 'सेट' म्हणजे काय?"

"जुमला सांगा, पंडितजी." वाक्याला ते जुमला म्हणत.

"जुमला कशाला? अर्थ सांगा."

"गडी कुणाच्या घरी कामाला हाय, ते कळल्याबिगर त्याचं काम कसं सांगू?"

यांना अर्थ ठाऊकच नसावा, असे मला वाटले. 'सैंधव आण' म्हणणारा जेवत असेल तर मीठ द्यावे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा आणावा, हा शास्त्रातला दाखला मी स्वतः शिकवीत असे. पण शास्त्राच्या आडोशाला अज्ञानही बसू शकते.

त्याच सुमारास माझ्या मातोश्री आजारी पडल्या. आमचे सोवळे जाणून मास्तर रोज केवळ केळी आणून ओसरीवर ठेवीत. तपासणीत माझा चांगला शब्द हवा असेल, अशी मी मनाशी नोंद केली.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना बजावले, "उद्या एखादा अर्थ सांगून मोकळे व्हा."

"एक सांगितला की पोरं बाकीचे हुडकत न्हाईत," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी वर्गात विचारले, "'सेट' म्हणजे काय?" नेमका तोच शब्द त्यांच्या तोंडी कसा आला, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही.

सारा वर्ग एकसुरात म्हणाला, "जुमला, साहेब?"

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मास्तर खाली मान घालून उभे होते. अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण खुर्ची ओढून एकेक इंग्रजी वाक्य टाकू लागले. मुले सांगत गेली : सूर्य मावळला, मोडलेलं हाड बसवलं, घड्याळ लावलं, दही लागलं. शेवटी मास्तरांकडे बोट करून ते म्हणाले, "युवर टीचर इज सेट इन हिज वेज."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "आमचे मास्तर लई हट्टी हायत, साहेब!"

अधिकारी डोळे पुसेपर्यंत हसले. मास्तर कायम झाले.

मुलांकडून आधी घोकून घेतले होते का, असे मी मास्तरांना आजवर कैकदा विचारले. ते नुसते हसतात. केळ्यांविषयीचा संशय मात्र फिटला. नोकरी कायम झाल्यावरही, आई हिंडूफिरू लागेपर्यंत, केळी येतच राहिली.

'दीर्घायुष्य' हा सुटा शब्द मास्तर स्वीकारणार नाहीत, म्हणून पूर्ण जुमला देतो : निसार मास्तरांना निरामय शंभर वर्षे लाभोत, आणि माझा उरलेला संशय फेडण्यापुरते आयुष्य मलाही मिळो. वाचणाऱ्या सर्वांच्या घरी वाणी गोड राहो, देह सुखी राहो, आणि ओसरीवर कोणी ना कोणी येत राहो.