पिवळ्या हेल्मेटवाला माणूस

पिवळ्या हेल्मेटचं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. चाकणच्या एका कारखान्यातून किमती कटिंग टूल्सची पेटी भरदिवसा चोरीला गेली. टूल रूममधून पिवळं हेल्मेट घातलेला माणूस बाहेर पडताना सुपरवायझरने पाठमोरा पाहिला होता. तिथले कायम कामगार निळं हेल्मेट घालतात, कंत्राटी पिवळं. त्यात आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, टूल रूम झाडणाऱ्या कंत्राटी पोराला उचला म्हणून.

लातूरकडच्या त्या तरुणाला आम्ही अख्ख्या चाळीसमोर ताब्यात घेतलं. बायको गाडीमागे धावली. घरमालक तिला म्हणाला, "खोली खाली करा. चोर न्हाई ठेवायचा आमाला."

माझे सब-इन्स्पेक्टर नुकतेच परीक्षा देऊन आलेले, हुशार. म्हणाले, "सर, सरळ आहे. सगळे कंत्राटी पिवळं हेल्मेट घालतात. चोराचं हेल्मेट पिवळं. म्हणजे चोर कंत्राटीच." तरुण मात्र चौकशीत एकच सांगत होता, "साहेब, म्या पेटीला हात बी नाही लावला." मला ते खरं वाटत होतं, पण नुसत्या वाटण्यावर तपास चालत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा कारखान्यात गेलो. गेटवर वॉचमनने माझ्या हातात हेल्मेट दिलं. पिवळं! मला हसूच फुटलं.

"बाहेरच्यांना हेच देतो, साहेब," वॉचमन म्हणाला. "पण गाडीतून उतरनाऱ्यालाच. केबिनमधी बसून ऱ्हानाऱ्याला न्हाई."

मी सब-इन्स्पेक्टरांना विचारलं, "सांगा, मी कंत्राटी कामगार का?" ते कानापर्यंत लाल झाले. सगळे कंत्राटी पिवळ्या हेल्मेटचे, म्हणून सगळी पिवळी हेल्मेटं कंत्राटी कामगारांची होत नाहीत.

वॉचमनच्या सांगण्यानुसार चोरीच्या दिवशी बाहेरच्या एकालाच हेल्मेट दिलं होतं, देहूरोडच्या भंगारवाल्याला. ठाण्यात तो ऐटीत म्हणाला, "मी टेम्पोतून उतरलोच नाही, राव."

मी वॉचमनला समोर आणलं. तो म्हणाला, "भावा, माज्या हातनं हेल्मेट घेतलंस की!"

उतरणाऱ्यालाच हेल्मेट मिळतं, याला मिळालं, म्हणजे हा उतरला होता. इथे पळवाट नव्हती. गडी बोलता झाला. पेटी त्याच्याच गोडाऊनमध्ये सापडली आणि निनावी फोनही त्याचाच निघाला. ठाण्यात त्या दिवशीचा चहा मी पाजला.

सब-इन्स्पेक्टर म्हणाले, "सर, पोराला रिक्षाने पाठवू?"

"नाही. सगळ्यांदेखत आपल्या गाडीतून आणलंय, तसंच नेऊन सोडायचं."

परीक्षेत निष्कर्ष चुकला तर गुण जातात. आमच्या कामात माणसाची अब्रू जाते, आणि ती परत द्यायला आपल्यालाच जावं लागतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. चाळीत उतरून मी मोठ्याने सांगितलं, "चोर दुसराच होता. तो पकडलाय." बायको दारात बांधून ठेवलेल्या सामानावर बसली होती. घरमालक पुढे आला आणि त्यातलं एक गाठोडं उचलून स्वतः आत ठेवून आला.