ताणा करणारा श्यामराव

१९७४ साल. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. उमरेडहून श्यामराव इतवारीमागच्या आमच्या गल्लीत राहायला आला, तो चालतच. सामान बैलबंडीत अन् हा मागून, वाटेत भेटलेल्या कुत्र्याशी गप्पा मारत. त्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. हेवा मात्र मला त्याचा अजून वाटतो, अन् तो मी लपवत नाही.

मी मागावर बसणारा विणकर, तो ताणा करणारा. गल्लीभर उभं सूत पसरून दिवसभर इकडून तिकडे चालायचं, हे त्याचं काम. चाल एकसारखी. कोणी घाई केली की म्हणायचा, "हळू गा! पुढच्यानं ओढलं त सूत तुटते."

शहराबाहेर वनखात्याची राखीव टेकडी होती. पायवाटा, साग, मोर. दर रविवारी मी चढायचो. गल्लीला ती वाट मीच दाखवली, पण माझ्याबरोबर दुसऱ्यांदा कोणी येईना. श्यामरावानं मात्र महिनाभरात अर्धी गल्ली गोळा केली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या. एखादीला दम लागला की हाच खाली बसायचा, "मले बसू द्या बाप्पा!"

माझी बायको सुमन कधी आली नव्हती. बसून माझ्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून तिचे गुडघे धरायचे. वरच्या खडकावरून तलाव कसा दिसतो, ते तिला दाखवायचं माझ्या फार मनात होतं. पण "चाल" म्हटलं की म्हणायची, "तुमच्या मागं कोण धावंल?" अन् एका शनिवारी श्यामराव दारात येऊन म्हणतो, "वहिनी, या उद्या. बसत बसत जाऊ." ही लगेच रोडग्यांची कणीक मळायला बसली!

रविवारी मी उभ्या चढानं आधीच खडकावर जाऊन थांबलो. ही वर आली की तलाव मीच दाखवणार. ऊन डोक्यावर आलं. शेवटी हसणं ऐकू आलं, ते टेकडीच्या पलीकडून. श्यामराव सगळ्यांना लांबच्या, कमी चढाच्या वाटेनं घेऊन आला होता, अन् त्या वाटेवर तलाव आधीच दिसतो.

"अवो, पाहिला तलाव!" सुमन म्हणाली. "भाऊजीनं दाखवला. इतका मोठा हाय, तुमी काहून नाई सांगितलं?"

लग्न झाल्यापासून मी सांगत होतो.

"शंकरभाऊ, एकटेच काहून उभे गा?" श्यामराव म्हणाला. "वहिनीनं तुमचा रोडगा राखून ठेवला. मले मागूनही नाई देला."

मी तो खाल्ला नाही. भूक होती, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागावर बसण्याआधी मी त्याच्याकडे गेलो. तो सूत पसरत होता.

"ते लांबची वाट मले दाखव."

"वहिनी?"

"तिले मी नेईन. मंग."

"कवा जायचं?"

"आत्ता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सुताचं टोक खुंटीला बांधलं अन् पायात चपला घातल्या. टेकडीपर्यंत, अन् टेकडीवरही, मी त्याच्या मागून चाललो.