म्हसोबाचं मडकं फसफसंना

बायांनो, आपलं गाव भाटघर धरणाच्या पाण्याखाली गेलं. तुमी लेकी लग्नं होऊन आधीच चार दिशांना पांगलात. ज्येला वाचता येतं त्येनं हे बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आज सकाळी नव्या माळावर सगळ्यांम्होरं म्हसोबाच्या दारूचं मडकं उघडलं. मोहाची फुलं, गूळ, पाणी, समदं नेहमीच्याच मापानं घातलेलं. ऊब मिळावी म्हणून शेणखताच्या ढिगात गळ्यापातूर पुरलेलं. तरी ह्या खेपंलाबी एक बुडबुडा न्हाई. नुसतं गार, गोड पाणी.

भगत म्हणाला, "म्हातारे, देव नव्या जागेला आलाच न्हाई. म्हणून त्येची दारू हितं उठंना."

म्या म्हणलं, "मुडद्या, गाव सोडताना गाडीत देवाशेजारी ठेवायचं म्हणून माझं मडकं राखेनं घासलं कुणी? तळाच्या जुन्या गाळानं दारू उठती. त्यो तूच ओढ्यात ओतलास."

"मग देवाशेजारी नासकं ठेवू व्हय?"

माझं कुणी ऐकंना. देव न्हाई तितं राहायचं न्हाई म्हणत्यात. येत्या बाजारापातूर फेस आला न्हाई, तर निम्मी घरं गाड्या जुंपणार. माझा लेकबी त्यांच्यात हाय. "आये, चल," म्हणतो. कुठं, ते त्येलाच ठावं न्हाई. पुन्यांदा चूल मोडायची ताकद माझ्यात न्हाई.

लेकींनो, सासरी जाताना माझ्या मडक्यातला गाळ तुमच्यातल्या कितीजणींनी नेला. कुणाकडं त्यो अजून जिता हाय का? वाटीभर पाठवा. देवाची मला काळजी न्हाई, त्यो बसवला तितं बसलाय. माणसं उठायला लागलीत.