मला वाटलं, वन्समोअर मिळाला

मंडळी, मी सांगतीय आन नात मोबाइलवर लिहितीय. मला अक्षर येत न्हाई, तवा चुका सगळ्या तिच्या.

आमच्या कोळवणात एका जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा काढत्यात. त्यात म्हातारीचं एक पद हाय, ते मला दिलंय. माझे वडील गावच्या नाटकात बायकांची कामं करायचे. त्यांच्या तोंडून ऐकून सगळी पदं मला पाठ.

आज सकाळी कॅमेऱ्यासमोर गायले. डायरेक्टर म्हणाला, "आजी, वन मोअर." मी खूश. वडलांना वन्समोअर मिळाला की आठवडाभर ते घरात कुणाला मोजायचे न्हाईत. परत गायले. परत "वन मोअर". मी नातीला म्हणलं, "बघ, येडं झालंय माझ्या गळ्यापायी."

ती हळूच म्हणाली, "आज्जे, दोन्ही वेळंला तू मधली ओळ गाळलीस."

आधी हसू आलं, मग ध्यानात आलं. ओळ इसरली, आन इसरल्याचा मला पत्ताच न्हाई.

नातीनं सिनेमावाल्यांच्या कागदात बघून पहिला शब्द सांगितला, तशी ओळ आली. काम झालं. पण वडलांनी स्वतः रचलेली पदं कुणाच्याच कागदावर न्हाईत, ती माझ्याकडंच हायेत. दुपारपासून एकेक म्हणून बघतीय. सगळी पुरी वाटत्यात.

सकाळचं पदही पुरंच वाटलं हुतं.

तुमच्यात कुणाला ठावं असंल तर सांगा. पहिला शब्द सांगणारं कुणी नसंल, तर आपलं काय गेलं ते कळायचं कसं?