अडथळा ठाऊक असल्यास

बारावीनंतर मी आर्ट्सला जाऊन सायकॉलॉजी घेतलं, तेव्हा वसईजवळच्या निर्मळमधल्या आमच्या आळीत जो भेटेल तो विचारायचा, "मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" अरे, पहिल्या वर्षाला मेंदूचे भाग पाठ करतानाच नाकी नऊ आले होते, मन कुठलं वाचते! पण काकीचा विश्वास बसला तो बसलाच. तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, लग्न ठरल्यापासून धड जेवत नव्हती. काकीने मला तिच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. "शिकतेस ना त्यातलं? मग समजाव तिला."

ताई नर्स होती. दवाखान्यातून येऊन तशीच पलंगावर बसली होती. वर्गात शिकवलेलं सगळं मी केलं. समोर नीट बसले, मध्ये तोंड घातलं नाही आणि मॅडमनी घोकवून घेतलेलं वाक्य म्हटलं, "तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील." त्यावर ती किंचित हसली. मग म्हणाली, "मला हे लग्न नकोय. नोकरी सोडायची, रोज फोन दाखवायचा, असं तो आत्तापासूनच बजावतोय. बाबांसमोर माझं तोंड उघडत नाही गो."

बाहेर काकी वाट बघत उभी. मी म्हटलं, "जेवेल ती."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं वाचतात आणि कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास फादरना कळवा, असं सांगतात. पहिल्या रविवारी ते ऐकताना मला घाम फुटला. अख्ख्या चर्चमध्ये अडथळा ठाऊक होता तो मला एकटीला! सोमवारी मॅडमना विचारलं, असं गुपित कधी फोडता येतं? म्हणाल्या, जिवाला धोका असेल तरच. लग्न त्यात धरायचं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आठवडाभर घरात लग्नाचीच बोलणी. मी ताटावरून उठून केळीच्या बागेत जायचे, तर तिथेही काकीची हाक यायची. मला सगळ्यांचा राग येत होता, ताईचासुद्धा.

दुसऱ्या रविवारी नावं वाचून झाल्यावर ताईनेच मला चर्चच्या मागे ओढलं. "अजून कोणाला सांगितलं नाहीस?"

"शब्द दिला होता ना तुला!"

"अगं शहाणे, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तर तुला सांगितलं! वाटलं, संध्याकाळपर्यंत आळीभर होईल, बाबा आपणहून विचारतील."

"मग आत्ता जाते फादरकडे."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "आता नको. पत्रिका वाटून झाल्या. आता बोललीस तर मी म्हणेन, ही खोटं सांगतेय."

तिसऱ्या रविवारी बाकावर माझ्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला काकी. फादरनी नावं वाचली, ते वाक्य वाचलं आणि जरा थांबले. उठावं, ओरडावं, असं आतून फार वाटत होतं. पण मी बसूनच राहिले. ताई समोर बघत होती. फादरनी कागद घडी करून बाजूला ठेवला.

काकीने माझा हात हातात घेतला. "तुझ्यामुळे झालं हो पोरी," ती कानाशी पुटपुटली. "तूच समजावलंस तिला."